सुभेदारांना कुणी विचारायचं?

दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून सांगायला आलेले संपादक जाताना दारात थांबून म्हणाले, "बाई, विषय जड आहे. जरा उमेद वाटेल असं लिहा." मी बरं म्हटलं. नोकरीत मी नेहमीच सगळ्यांना बरं म्हणत आले आणि शेवटी कागदावर मला पटलं तेच लिहीत आले. फक्त एकदा तसं केलं नाही. गणपतराव नावाच्या एका निवृत्त सुभेदारांचा मृत्यू मी माझ्या अहवालात येऊ दिला नाही. आज त्याबद्दल लिहिते आहे. फराळाचं ताट बाजूला ठेवून वाचलंत तर बरं.

माझं काम ऐकलं की लोक हमखास विचारतात, "मग किती जणांना वाचवलंत?" मी कुणालाही वाचवलं नाही. जे वाचवायला निघाले होते ते खरोखर वाचवतात का, हे तपासणं माझं काम होतं. लग्नात स्वयंपाक करणारा आचारी वेगळा आणि भाजीत मीठ कमी आहे असं सांगणारा मामा वेगळा. मी तो मामा. त्यामुळे कुठल्याही मांडवात मला मान कमी आणि चहा थंड मिळायचा.

एकाहत्तरची लढाई होऊन गेली होती. सातारा-सांगलीकडे घरटी एक माणूस मिलिट्रीत, हे नव्यानं सांगायला नको. पण बाहेरच्यांना हे ठाऊक नसतं की शिपाईगडी पंधरा-सतरा वर्षांची नोकरी संपवून पेन्शनीत येतो तेव्हा त्याचं वय असतं पस्तीसच्या आसपास. तोवर तो वर्षातून दोन महिने सुट्टीवर यायचा आणि त्याच्यासाठी कोंबडं कापलं जायचं. आता तो कायमचा आलेला असतो. मधल्या काळात शेत, म्हैस, दीर, सासू हे सगळं बायकोनं एकटीनं हाकलेलं असतं आणि तिला घरात हुकूम देणारं माणूस नको असतं. त्याला तर दुसरं काही देता येत नाही. शिवाय लढाईत जे पाहिलं ते बोलायची सोय नसते. गावाला लढाई ऐकायची असते, पण जिंकलेली, आणि तीही पारावर बसून. बहुतेक जण यातून निभावून जातात. काही जात नाहीत.

जे जात नाहीत त्यांचा "पाय घसरला" असं गाव म्हणायचं. पंचनाम्यातही तेच यायचं आणि पंच खाली अंगठे उठवायचे. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. जीव द्यायचा प्रयत्न करणं हाच तेव्हा गुन्हा होता, शिवाय घराला बोल लागायचा आणि घरात लग्नाच्या मुली असायच्या. आमच्या फायलीवरसुद्धा आत्महत्या हा शब्द नव्हता, 'माजी सैनिकांचे अकाली मृत्यू' असा विषय होता. पहिल्या बैठकीत मी तो शब्द उच्चारला तेव्हा एका सभासदांनी उठून पंखा वाढवला.

या मृत्यूंना आळा घालावा म्हणून एका संस्थेनं भेट योजना काढली होती. संस्थेचं नाव लिहीत नाही, त्यातली काही माणसं अजून हयात आहेत. अध्यक्ष एक निवृत्त कर्नल होते. मी कॉलेजात समाजशास्त्र शिकवत होते, म्हणून मूल्यमापनाचं काम माझ्याकडे आलं. सांगलीच्या विश्रामबागेत एका बंगल्याच्या मागच्या दोन खोल्या हे आमचं ऑफिस. योजना साधी होती. गावोगावच्या माजी सैनिकांची यादी करायची, दर महिन्याच्या ठरल्या दिवशी एक भेटकर्ता गावात जाणार, प्रत्येकाशी बोलणार आणि एक फॉर्म भरणार. जेवण, झोप, काम, घरातलं बोलणं आणि काही त्रास, असे पाच प्रश्न. कुणाचं बिनसलेलं दिसलं तर डॉक्टरकडे न्यायचं, घरच्यांना सावध करायचं.

भेटी किती झाल्या हे मोजणं म्हणजे मूल्यमापन नव्हे, हे मला संस्थेच्या कमिटीला दर तीन महिन्यांनी सांगावं लागे. योजनेनं फरक पडला का हे कळायला काही गावं योजनेबाहेर ठेवावी लागतात. ती आम्ही चिठ्ठ्या टाकून ठरवली. वगळलेल्या एका गावचा सरपंच ऑफिसात येऊन म्हणाला, "आमच्या गड्यांनी काय घोडं मारलंय?" माझ्याकडे शास्त्रीय उत्तर होतं. ते मी दिलं आणि तो पायरीवर थुंकून गेला.

भेटकर्ते म्हणून निवृत्त सुभेदार नेमावेत ही कल्पना माझी. हे मुद्दाम लिहिते, कारण अहवालात ते कुठे नाही. सुभेदार म्हणजे शिपायांतूनच वर चढलेला, त्यांच्याच मातीतला, त्यांच्याच भाषेतला. कॉलेजातल्या पोरींना जवान काय सांगणार, सुभेदाराला सांगेल, असा माझा हिशेब. मान म्हणजेच भरवसा, असं मी धरून चालले होते.

आमच्या भेटकर्त्यांत सगळ्यात चोख होते सुभेदार गणपतराव. वाईच्या अलीकडच्या एका खेड्यातले. एसटीतून उतरले की फाट्यावरच्या दगडावर एकेक पाय ठेवून बुटावरची धूळ झटकायचे आणि मगच गावात शिरायचे. जतच्या बाजूला तर दहा पावलांत बूट पुन्हा पांढरे व्हायचे, तरी झटकायचे. फॉर्म घडी न करता पुठ्ठ्यात घालून आणायचे. माझ्या गिचमिड अक्षराला ते हसत आणि मी त्यांच्या बुटांना हसे, इतपत आमची दोस्ती होती. बाकी माझ्या नाकावर राग आणि त्यांचा आवाज परेड ग्राउंडवरचा, त्यामुळे आम्ही सरळ बोलत असलो तरी लोकांना भांडण चाललंय असं वाटायचं.

एकदा जतकडच्या एका वस्तीवर मी त्यांच्याबरोबर गेले. एक माजी शिपाई मेंढरं कोंडायच्या जाळीपाशी, वाघुरापाशी, उभा होता. सुभेदार दिसताच हातातली काठी अंगाला चिकटवून तो ताठ झाला.

"जेवण?" गणपतरावांनी विचारलं.

"ठीक है साब."

"झोप?"

"ठीक है साब."

"कोई तकलीफ?"

"नहीं साब."

शेजारी त्याची बायको मेंढीच्या पाठीवर हात ठेवून आमच्याकडे बघत होती. आम्ही तिला रामराम केला आणि पुढच्या वस्तीकडे निघालो. शिस्त काय असते बघा, असं मला तेव्हा वाटलं होतं. आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

दोन वर्षं असे ठीकचे गठ्ठे येत राहिले. मग कोरेगावच्या बाजूचा, नाईक हुद्द्यावरून निवृत्त झालेला तुकाराम गेला. त्याच्या नावावर गणपतरावांनी भरलेले सगळे फॉर्म ठीक, शेवटचा तीन आठवड्यांपूर्वीचा. पंचनाम्यात पाय घसरून. मी त्याच्या घरी गेले. त्याची बायको हौसाबाई भिंतीला टेकून बसली होती. मी काही विचारायच्या आधी तीच बोलली.

"आवं बाई, लढाईस्नं आल्यापास्नं दाराकडं पाट करून कवा बसलं न्हाईत. पोरं वराडली की कानावर हात धरायचं. अन् शेवटच्या म्हयन्यात एकाकी लय ग्वाड बोलाया लागलं. माझ्यासंगं, आईसंगं, ज्याच्यासंगं वाकडं हुतं त्या भावासंगंबी. मला तवाच भ्या वाटलं."

"आमचे सुभेदार आले होते ना?"

"आल्ते की. त्यास्नी इचारलं, त्येनी सांगितलं ठीक. मी चुलीम्होरं बसून ऐकत हुते. मला कुणी इचारलं न्हाई."

"विचारलं असतं तर सांगितलं असतंत?"

"न्हाई तर काय? मी कुणाच्या पलटणीत हाय व्हय?"

माझ्या सगळ्या कामावर त्या बाईनं एका वाक्यात शेरा मारला होता. जवान सुभेदाराला खरं सांगेल म्हणून मी सुभेदार नेमले होते, आणि सुभेदार समोर उभा राहिला की जवानाच्या तोंडून दुसरं काही निघूच शकत नव्हतं. दोन वर्षं आम्ही दर महिन्याला हजेरी घेत होतो. कुणी मनातलं सांगावं अशी जागाच आम्ही ठेवली नव्हती.

परतताना कराडच्या स्टँडवर गणपतराव भेटले. कँटीनमध्ये बसून मी त्यांना हौसाबाईचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. त्यांना ते लागलं.

"बाई, जवान साबाला खोटं सांगत न्हाई," ते म्हणाले.

"तुम्ही कधीच सांगितलं नाहीत?"

ते बशीतला चहा फिरवत हसून म्हणाले, "पलटणीचं मोठं साब, सीओसाब, दरबार घ्यायचे. समद्या कंपनीम्होरं इचारायचे, कोई तकलीफ? माझी आई जाऊन आठ दिस झालं हुतं, तार खिशात. रजा मिळाली न्हवती. मी म्हटलं, नहीं साब." बशी खाली ठेवून म्हणाले, "अजून कवा कवा पहाटं झोपंतच उठून मी ते म्हनतो, बाई. नहीं साब. बायकू हालवून जागं करती."

मी काय केलं? पिशवीतून वही काढली आणि ते लिहून घेतलं. माझ्या मुद्द्याला इतका चांगला पुरावा दुसरा मिळाला नसता. समोरचा माणूस स्वतःबद्दल बोलतो आहे, आजचं, आत्ताचं बोलतो आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. 'जीव द्यावासा वाटतो का' असं विचारल्यानं माणसाच्या मनात नसता विचार भरतो असा एक गैरसमज आहे. मी वर्गात तो खोडून काढत असे. विचार आधीच आलेला असतो, विचारलं तर उलट ओझं हलकं होतं. हे शिकवणारी मी त्या बाकड्यावर गणपतरावांपासून हातभर अंतरावर होते. मी त्यांना एवढंच म्हटलं, "हे मी बैठकीत सांगू का?"

"मीच सांगतो की," ते म्हणाले.

बैठकीत मी मांडलं की फॉर्म बदलायला हवा, घरातल्या बाईला वेगळं, एकटीला विचारायला हवं आणि त्यासाठी बाई भेटकर्त्या नेमायला हव्यात. कर्नलसाहेबांचा चेहरा आक्रसला. "बायकोला विचारायचं म्हणजे जवानाच्या शब्दावर अविश्वास दाखवायचा," ते म्हणाले. "हा त्याचा अपमान आहे. शिवाय तुमच्याकडे एका विधवेचा शब्द सोडून आहे काय?"

तेवढ्यात गणपतराव मागच्या रांगेत उभे राहिले. त्यांच्याभोवती बाकीचे सुभेदार बसले होते.

"साब, बाई म्हनत्यात ते बरुबर हाय. आमी भरल्यालं फारम कामाचं न्हाईत. आमच्याम्होरं कोन बी ठीकच म्हननार."

"म्हणजे दोन वर्षं तुम्ही खोटे फॉर्म भरलेत?"

कर्नलसाहेबांच्या या प्रश्नाचं उत्तर मी द्यायला हवं होतं. फॉर्म माझा, प्रश्न माझे, सुभेदार नेमायची कल्पना माझी. तिथे उठून एवढंच म्हणायचं होतं की चूक माझी आहे, यांनी सांगितलं तसं काम चोख केलं. पण त्याच वर्षी योजनेच्या मुदतवाढीचा निर्णय व्हायचा होता आणि मूल्यमापन करणाऱ्या बाईचाच पाया चुकला असं कागदावर आलं असतं तर सगळंच बारगळलं असतं. असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला भीती वाटली, माझ्या नावाची. मी मूग गिळून बसले.

गणपतराव ताठ उभे होते. "व्हय साब," ते म्हणाले.

दुसऱ्या आठवड्यात त्यांचं काम काढून घेतलं. त्यांच्या गावांसाठी फौजेतलाच एक निवृत्त हवालदार नेमला. सुभेदारापेक्षा त्याच्याशी जवान मोकळे बोलतील, अशी सुधारणा माझ्या सूचनेवरून केल्याचं इतिवृत्तात आलं. बायकांचा मुद्दा 'पुढील वर्षी विचारार्थ' ठेवला गेला. गणपतराव ऑफिसात येऊन उरलेले कोरे फॉर्म मोजून देऊन गेले, तेव्हा मी कॉलेजात होते. वाईला त्यांच्याकडे जाऊन यायचं हे मी रोज ठरवत होते. परीक्षा होत्या, तक्ते होते, अहवालाची घाई होती. आज लिहिताना यातलं एकही कारण मला उभं करता येत नाही.

चार महिन्यांनी निरोप आला, सुभेदार गेले, पाय घसरून.

मी गेले तेव्हा दहावा होऊन गेला होता. त्यांची बायको सरूबाई उंबऱ्याच्या आत बसली होती. तिनं मला ओळखलं. पाणी दिलं, गूळ दिला. मी म्हटलं, "मला आधी यायला हवं होतं."

"व्हय," ती म्हणाली. एवढंच. मग पाण्याचा तांब्या बाजूला सारून आपणहून बोलायला लागली. "त्यो हवालदार भेटीला गावात यायचा ना, त्या दिशी ह्येनी सकाळधरनं दाढी करून, इस्तरीची पँट घालून, खुर्ची भाईर काढून बसायचं. मी म्हनायची, आवं, तुमची न्हवं भेट. तर म्हनायचं, बसू दे गं. त्यो यायचा, रस्त्यावरनंच सलाम ठोकायचा, 'राम राम साब' म्हनायचा अन् शेजारच्या शंकऱ्याच्या घरात शिरायचा. ह्येनी सलाम घ्यायचं. मग खुर्ची आत."

"त्या हवालदारांनी कधी विचारलं नाही?"

"त्यो कसा इचारनार? ह्ये सुभेदार, त्यो हवालदार." मी काय वेड्यासारखं विचारते आहे असं तिच्या डोळ्यांत होतं. "आवं बाई, गावात ह्यास्नी इचारनारा कोन हुता? समद्यांचं साब ह्येच."

जाताना तिनं माझा हात धरला. पंचनामा झाला आहे तसाच राहू द्या, धाकटीचं जमलं आहे, असं ती म्हणाली. मी शब्द दिला. देताना मला बरं वाटलं, आणि का बरं वाटलं ते एसटीत बसल्यावर कळलं. तिचा शब्द पाळला की माझंही झाकलं जाणार होतं.

माणूस कधीच एका कारणानं जात नाही, हेही मी वर्गात शिकवत असे. ते खरंच आहे. गणपतरावांच्या आत काय काय साठलं होतं, त्यातलं लढाईचं किती, आईचं किती, मला ठाऊक नाही. कारण मी विचारलं नाही. पण त्या बैठकीचा वाटा किती, हे कुणी सांगितलं नाही तरी मला कळतं. त्या माणसानं आयुष्यात एकदा साबाला खरं सांगितलं आणि त्याबद्दल त्याला काढून टाकलं गेलं, तेव्हा मी पहिल्या रांगेत बसले होते.

अहवाल उन्हाळ्यात पुरा झाला. कर्नलसाहेबांना त्यात एक ठळक वाक्य हवं होतं आणि ते मी लिहिलं: 'योजनेच्या यादीतील, नियमित भेटी झालेल्या एकाही माजी सैनिकाने आत्महत्या केल्याची नोंद नाही.' कमिटीत टाळ्या वाजल्या. योजनेला मुदतवाढ मिळाली, आणखी गावं मिळाली, मला आणखी दोन जिल्ह्यांचं काम मिळालं. बायकांना विचारायचा मुद्दा पुढच्या वर्षीही पुढच्या वर्षावर गेला आणि मीही तो फारसा ताणला नाही.

त्या वाक्यातला एकही शब्द खोटा नाही. अजूनही कुणी तपासून बघावं. तुकारामची नोंद अपघाताची होती. आणि गणपतराव यादीत नव्हते. यादी हवालदारापर्यंतच्या माणसांची होती. त्यावरच्यांना भेटीची गरज पडणार नाही, असं पहिल्या दिवशी मी माझ्या गिचमिड अक्षरात लिहून दिलं होतं, आणि कुणी का म्हणून विचारलं नव्हतं.